व्हिएतनामला पैसे कसे न्यावेत? सासरे म्हणतात रोख, नवरा म्हणतो कार्ड

अनुजा_कोथरूड

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

दिवाळीनंतर आम्ही पाच जण (मी, नवरा, ९ वर्षांची लेक, सासू-सासरे) ११ दिवस व्हिएतनामला निघालोय. हानोई, हा लाँग बे, दा नांग, होई आन आणि शेवटी सैगॉन. विमान, हॉटेलं, व्हिसा सगळं झालंय. राहिलं ते रोजचं खाणंपिणं, टॅक्सी, तिकिटं आणि थोडी खरेदी. दीड लाख रुपये धरलेत.

आता घरात दोन पक्ष पडलेत. सासरे पोस्टातून निवृत्त. त्यांचं म्हणणं, सगळे डॉलर रोख घ्यायचे आणि सासूबाईंनी शिवलेल्या कापडी पट्ट्यात घालून पोटाला बांधायचे. पट्टा शिवून तयारसुद्धा आहे, आत तीन चोरकप्पे. नवरा म्हणतो, "बाबा, आता रोख कोण नेतं?" त्याचा सगळा भरवसा त्याच्या नेहमीच्या क्रेडिट कार्डावर. तिसरीकडून बँकेतली मुलगी रोज फोन करून फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून न्यायचं कार्ड) घ्या म्हणतेय.

मला एवढंच सांगा, कमी पैसे कशात जातात?

ढब्बू पैसा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. माझं मत पट्ट्याला.

हिशेबनीस

अनुजाताई, नवऱ्याच्या कार्डाचा मार्कअप (परदेशी खर्चावर बँक वर लावते ते शुल्क) किती ते आधी बघा. आपल्याकडच्या बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशी खर्चाला ३.५ टक्के मार्कअप असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे लाखाच्या खर्चावर ३,५०० अधिक ६३०, एकूण ४,१३० रुपये. काही कार्डांवर तो २ टक्के असतो, काहींवर शून्य. हे बँकेच्या शुल्कांच्या यादीत लिहिलेलं असतं. फोनवरच्या मुलीला विचारू नका, यादी उघडून वाचा.

खरी चाळण एटीएमची आहे. एका रुपयाला साधारण ३०० डोंग (व्हिएतनामचं चलन) धरा. समजा नेहमीच्या डेबिट कार्डानं २० लाख डोंग काढले, म्हणजे सुमारे ६,६७० रुपये. तिथल्या बँकेनं ५०,००० डोंग कापले (१६७ रुपये), आपल्या बँकेनं परदेशी एटीएमचे १५० अधिक जीएसटी (१७७ रुपये), वर मार्कअप आणि त्याचा जीएसटी (२७५ रुपये). झाले ६१९. नऊ टक्क्यांच्या वर गेलं! तेच एका वेळी ५० लाख काढलेत तर सव्वासहा टक्क्यांवर येतं. म्हणून एटीएमला जायचंच तर एकदाच जा आणि मोठी रक्कम काढा.

क्रेडिट कार्डानं रोख कधीही काढू नका. त्याला वेगळं शुल्क, आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

परदेशी_पांडू

वाचनखूण साठवली.

चहाबाज

हिशेबनीस यांनी एक बटण सांगायचं सोडलं, ते मी सांगतो, कारण मी ते दाबलेलं आहे.

दुबईत एका दुकानात बायकोसाठी घड्याळ घेतलं. दुकानदारानं मशीन माझ्यापुढे केलं. पडद्यावर दोन आकडे, वर दिरहम, खाली रुपये. तो गोड हसून म्हणाला, "सर, तुमच्याच रुपयांत करा, नक्की किती गेले ते लगेच कळेल." मला वाटलं, काय भला माणूस! रुपये दाबले. रात्री हॉटेलात बसून त्या दिवसाचा दर बघितला तर सहा टक्के जास्त लागले होते. त्याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. दर तुमची बँक लावत नाही, त्या मशीनवाल्यांची कंपनी लावते आणि त्यातला वाटा दुकानालाही मिळतो. आपल्याकडच्या काही बँका अशा रुपयांतल्या परदेशी व्यवहारावर वर १ टक्का निराळा घेतात, तो बोनस.

त्यामुळे शून्य मार्कअपचं कार्ड असलं तरी रुपये दाबलेत की संपलं. एटीएमवरसुद्धा हाच प्रश्न येतो. कायम तिथलं चलन निवडायचं. घाईत असाल, मागे रांग असेल, तरी.

मृदुला

@चहाबाज, घड्याळ चालतंय का?

चहाबाज

पाच मिनिटं पुढे असतं. सहा टक्के म्हणूया.

भटकी_मंजू

मी दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेय, नेमकं तेच सर्किट. मुद्द्याचं लिहिते.

फॉरेक्स कार्ड या सहलीला कामाचं नाही. त्यावर डोंग भरता येत नाहीत. डॉलर भराल, खर्च डोंगमध्ये होईल, आणि कार्डावर नसलेल्या चलनात खर्च केला की क्रॉस करन्सी शुल्क लागतं. युरोपला युरो भरून नेलंत तर गोष्ट वेगळी.

डोंग इथे शोधत बसू नका. डॉलर न्या, त्यातही १०० च्या नोटा, नव्या आणि कोऱ्या. १०० च्या नोटेला ५ किंवा १० च्या नोटांपेक्षा दर चांगला मिळतो. कोपरा फाटलेली, पेनाची खूण असलेली, शिक्का पडलेली नोट परत देतात. इथल्या मनी चेंजरकडून घेतानाच एकेक नोट उजेडात धरून बघा, लाजू नका.

विमानतळावर टॅक्सीपुरते बदला, बाकीचे शहरात. हानोईत हा त्रुंग रस्त्यावर सोन्याची दुकानं आहेत, स्थानिक लोक तिथेच बदलतात. आम्हाला दर उत्तम मिळाला. बाईंनी कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून माझ्यापुढे धरला, मी मान हलवली, संपलं. पावती वगैरे काही नाही. ज्यांना असं नको त्यांनी सरळ बँकेत जावं, थोडं कमी मिळेल, झोप लागेल.

कार्ड मोठ्या हॉटेलांत, मॉलमध्ये, मोठ्या रेस्तराँत चालतं. छोट्या दुकानांत "कार्ड, प्लस थ्री पर्सेंट" म्हणतात. फूटपाथवरच्या लाल-निळ्या बुटक्या स्टुलांवर बसून फो (नूडल्सचं सूप) खायचा असेल तर फक्त रोख.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: २० हजारांची नोट निळी आहे आणि ५ लाखांची नोटही निळी आहे. दोन्हींवर हो ची मिन्ह. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली डोळे फोडून बघा. ५ लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

ढब्बू पैसा

तीन चोरकप्पे! सासूबाई द्रष्ट्या आहेत.

रांगडा_कोल्हापूरकर

५ लाखाची नोट खिशात घेऊन फूटपाथवर सूप. नाद खुळा. घरी येताना डोंगाभर डोंग घेऊन या ताई.

निवृत्त_रोखपाल

चर्चा वाचून गंमत वाटली. थोडे अवांतर करतो.

सत्तरच्या दशकात आमचा एक मित्र शिकायला अमेरिकेस गेला तेव्हा खिशात रीतसर नेता येत होते फक्त ८ डॉलर. आठ! न्यूयॉर्कच्या विमानतळावर त्याने कॉफी घेतली नाही, कारण हिशेब बसेना. तेव्हा ट्रॅव्हलर्स चेकही असत. माझ्या काउंटरवर कितीतरी विकले. घेताना एक सही आमच्यासमोर, वटवताना दुसरी सही तिथल्या कारकुनासमोर. उत्साहाच्या भरात दोन्ही सह्या घरीच करून ठेवणारे गिऱ्हाईक दर महिन्याला एक तरी यायचे. फेराचा, म्हणजे परकीय चलनाच्या जुन्या कडक कायद्याचा, काळ संपून १९९९ चा फेमा कायदा आला, २००४ मध्ये वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवायची मोकळीक झाली, आज ती २,५०,००० डॉलर आहे.

आता कामाचे. नोटांच्या रूपात एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, तुम्हाला त्याच्या जवळपासही जायचे नाही. मनी चेंजरला रोख रुपये ५०,००० च्या आतच द्यावेत, वरची रक्कम चेकने वा खात्यातून. पासपोर्ट, पॅन आणि तिकीट सोबत ठेवावे. पावती जपून ठेवावी.

सीमोल्लंघन

कार्डानं परदेशात खर्च केला की २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापतात ना? माझ्या मावसभावानं सांगितलं. म्हणजे रोखच बरी.

हिशेबनीस

मावसभावाला २०२३ ची अर्धी बातमी आठवतेय. त्या मे महिन्यात परदेशातला क्रेडिट कार्डाचा खर्च रोखपाल काकांनी सांगितलेल्या २,५०,००० डॉलरच्या मर्यादेत आणायची अधिसूचना निघाली, गदारोळ झाला आणि जूनअखेर ते पुढे ढकललं. तेव्हापासून तुम्ही परदेशात उभं राहून क्रेडिट कार्ड वापरलंत तर टीसीएस लागत नाही.

डॉलरच्या नोटा, फॉरेक्स कार्ड, डेबिट कार्ड यांचा हिशेब मात्र त्या मर्यादेत धरतात, पण १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत कपात नाही (आधी ७ लाख होती). अनुजाताईंचा खर्च दीड लाख. मावसभावाला नमस्कार सांगा. टूर कंपनीचं पॅकेज घेतलं तर नियम वेगळे आहेत, कदाचित त्याचा टीसीएस तिथे कापला असेल. तो रिटर्न भरताना करात वळता होतो.

सीमोल्लंघन

पॅकेजच घेतलं होतं त्यानं. बॅंकॉक-पट्टाया. जास्त विचारू नका.

ठाण्याची_सून_लंडनला

माझ्याकडे दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी येतं, म्हणून सांगते. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख घेतच नाहीत. ट्यूबला (भुयारी रेल्वेला) आणि बसला कार्ड टॅप करायचं, दिवसभरात ठरावीक रकमेच्या वर कापत नाही. पण माणशी एक कार्ड हवं! गेल्या वर्षी दीर-जाऊ आले, दोघांत एक कार्ड. दीर टॅप करून आत गेले आणि फाटकावरून कार्ड जावेच्या हातात दिलं. फाटक उघडेना. मागे ऑफिसला निघालेल्यांची रांग, आणि हे दोघं फाटकाच्या दोन बाजूंनी मराठीत भांडतायत. शिवाय आत जाताना कार्ड आणि बाहेर येताना फोन टॅप केला, तर तेच कार्ड असूनही ते दोन वेगळे प्रवास धरतात आणि दोन्हींचे जास्त पैसे कापतात.

टोपणनाव_सुचेना

जपानमध्ये उलटं. बुलेट ट्रेनच्या देशात देवळाच्या दारात, छोट्या रामेनच्या दुकानात रोख लागते. सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएमवर बाहेरची कार्डं चालतात, ती दुकानं पावलोपावली आहेत. पैसे हातात देत नाहीत, गल्ल्यापाशी छोटी थाळी असते तीत ठेवायचे. नाण्यांनी खिसा इतका जड होतो की चालताना पँट सावरावी लागते. ५०० येनचं नाणं चिल्लर समजून उडवू नका.

सुलेखा_म्युनिक

जर्मनीतल्या बेकरीत अजून "फक्त रोख"ची पाटी दिसते. मशीन आहे का विचारलं की आजी चष्म्यावरून बघतात. युरोपात बँकेच्या भिंतीतलं एटीएम वापरा. पर्यटकांच्या चौकात, आइसक्रीमच्या दुकानाशेजारी एकटं उभं असलेलं मशीन दिसलं की लांब राहा. चहाबाज म्हणतात तोच प्रश्न ते इतक्या चलाखीनं विचारतं की "नाही" म्हणजे पैसेच मिळणार नाहीत असं वाटतं. न घाबरता नाही म्हणायचं. पैसे मिळतात.

वैभव_नाशिक

एवढं सगळं कशाला? यूपीआय आहे की. आयफेल टॉवरला चालतं.

मृदुला

आयफेल टॉवर व्हिएतनाममध्ये कधी हलवला?

भटकी_मंजू

भूतान, नेपाळ, सिंगापूर, मॉरिशस, श्रीलंका, दुबईत यूपीआय बऱ्यापैकी चालतं, आयफेल टॉवरला फेब्रुवारी २०२४ पासून. व्हिएतनाममध्ये शहाळंवालीकडेसुद्धा क्यूआरचा कागद होता, पण तो तिथल्या बँकांचा. मी गेले तेव्हा आपलं ॲप त्याकडे बघून नुसतं गोल गोल फिरत होतं.

फॉरेक्सप्रेमी

फॉरेक्स कार्डाला इतकं हिणवू नका. दर एकदा बांधला की रुपया पडला तरी चिंता नाही. हरवलं तर मुख्य खात्याला धक्का नाही. मी तीनदा युरोप केलंय.

हिशेबनीस

युरोपसाठी सहमत. पण रुपया चढला तरी तुम्ही बांधलेलेच, हेही सांगा. आणि उरलेले पैसे परत खात्यात घेताना ज्या दरानं घेतात तो बघून मला रडू आलं होतं.

फॉरेक्सप्रेमी

तुम्हाला सगळ्याचंच रडू येतं.

कोकणकन्या

भांडा सौख्यभरे. हॉटेलच्या डिपॉझिटबद्दल कुणीच बोललं नाही. चेक-इनला काही रक्कम कार्डावर अडकवतात, निघताना सोडतात. क्रेडिट कार्डावर असेल तर फक्त लिमिट अडकतं. डेबिट वा फॉरेक्स कार्डावर असेल तर तुमचे खरे पैसे अडकतात आणि सुटायला कधी आठवडा, कधी दोन. आम्ही क्वालालंपूरला फॉरेक्स कार्ड दिलं होतं, पुढचे चार दिवस ब्रेडवर काढले.

आणि जायच्या आधी ॲपमध्ये जाऊन कार्डाचं आंतरराष्ट्रीय बटण चालू करा. ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डं फक्त देशातल्या वापरापुरती सुरू असतात. दुकान, ऑनलाइन, टॅप, एटीएम ही बटणं निरनिराळी असतात. परत आलात की बंद.

अनुजा_कोथरूड

बाप रे, किती उत्तरं! सासरे रोज संध्याकाळी चहाबरोबर हा धागा वाचून दाखवायला लावतात. पट्ट्याला मिळालेल्या मतांनी ते खूश आहेत. रोखपाल काकांचे ८ डॉलर ऐकून म्हणाले, "बघ, लोक कसे जगले." नवऱ्यानं कार्डाची यादी उघडली: ३.५ टक्के. दोन दिवस गप्प होता, आता शून्य मार्कअपच्या एका कार्डासाठी अर्ज केलाय.

डॉलर कुठून घ्यावेत पुण्यात? बँक की चेंजर?

निवृत्त_रोखपाल

तीन-चार ठिकाणी फोन करा. डेक्कन, कॅम्प इथे पुष्कळ आहेत. "दर काय" असे विचारू नका. "१,००० डॉलर, १०० च्या नोटा, सगळे धरून हातातून किती रुपये जातील" असे विचारा. जीएसटी फारसा नसतो, लाखाच्या व्यवहारावर १८० रुपये. खरी कमाई दरातच दडलेली असते. पहिल्याने सांगितलेला आकडा दुसऱ्याला सांगा. विमानतळावर घेऊ नका.

अनुजा_कोथरूड (पाच आठवड्यांनंतर)

आलो एकदाचे. हिशेब मांडते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत.

१,००० डॉलर नोटा नेल्या. पहिल्या आणि चौथ्या चेंजरच्या दरात डॉलरमागे १ रुपया ४० पैशांचा फरक निघाला, म्हणजे तीन फोनांचे १,४०० रुपये. सासऱ्यांनी काउंटरवर एकेक नोट उजेडात धरली आणि दोन परत केल्या. मागच्या माणसानं सुस्कारा सोडला, ते म्हणाले, "पोस्टात होतो."

हानोईत ९०० डॉलर दोन वेळा मिळून बदलले, २ कोटी ३४ लाख डोंग आले. सासूबाईंनी नोटा मांडीवर घेतल्या आणि म्हणाल्या, "फोटो काढ, कोट्यधीश म्हणून." कार्डावर साधारण ६२,००० गेले, मार्कअप शून्य. एटीएमला एकदाही जावं लागलं नाही.

होई आनला शिंप्याकडे लेकीचा फ्रॉक आणि सासऱ्यांचं जाकीट शिवलं. कार्ड म्हटलं की ३ टक्के वर, म्हणून रोख दिली. त्या बाईंनी सासऱ्यांच्या पोटाचं माप घेताना पट्टा हाताला लागला, तेव्हा त्यांनी हसून माप दोन बोटं कमी लिहिलं. जाकीट पट्ट्याशिवायच बसतं.

निळ्या नोटेचं झालंच. सैगॉनला शहाळी घेतली, एक २० हजाराला. सासऱ्यांनी झोकात नोट दिली आणि चालू पडले. ती बाई मागून ओरडत आली. आम्हाला वाटलं कमी दिले. तिनं ५ लाखांची नोट त्यांच्या नाकासमोर धरली, मग आमच्या पाकिटातली २० हजारांची बोटानं दाखवली. १,६०० रुपये वाचले. सासऱ्यांनी तिच्याकडून आणखी चार शहाळी घेतली, पोटात जागा नसताना.

आता नवऱ्याचं. हा धागा सगळा वाचलेला माणूस. दा नांगच्या रेस्तराँत १८ लाख ६० हजारांचं बिल, म्हणजे ६,२०० रुपये. मशीन समोर आलं, त्याचं लक्ष फोनवर, हिरवं बटण दाबलं. मेसेज आला ६,६१० रुपयांचा. वर बँकेचा १ टक्का आणि जीएसटी मिळून ७८. झाले ४८८ रुपये. सासरे त्या रात्री फक्त एवढंच म्हणाले, "चहाबाजांना कळव."

चहाबाज

कळलं. घड्याळाच्या वेळेनं पाच मिनिटं आधीच कळलं होतं.

कोकणकन्या

शहाळंवाली भारी!

ढब्बू पैसा

उरलेले १०० डॉलर कुठायत?

निवृत्त_रोखपाल

२,००० डॉलरपर्यंत घरी ठेवता येतात, त्यावरचे १८० दिवसांत परत करायचे असतात. तेव्हा काळजी नसावी.

अनुजा_कोथरूड

पट्ट्यात आहेत. पट्टा सासऱ्यांच्या कपाटात, कपाटाची किल्ली सासूबाईंकडे. काल विचारत होत्या, जपानला देवळाच्या दारात खरंच रोख लागते का.